मेश लावायची आहे

९ नोव्हेंबर, रविवार

नोकरीत असताना रोज डायरी लिहावी लागत होती. कोणत्या वितरिकेवर गेलो, कोणाचं गेट उघडलं, कोणी तक्रार केली. कालवा निरीक्षकाची डायरी साहेब तपासत असत. निवृत्तीनंतर ती सवय सुटली. विमला गेल्यापासून आज वार कोणता हेसुद्धा लक्षात राहत नाही, म्हणून पुन्हा सुरू करतो आहे. आता तपासायला कोणी नाही.

रीना आज दुपारी लॅपटॉप घेऊन पुढच्या खोलीत येऊन बसली. चपला काढतो तिथेच, जमिनीवर, राऊटरच्या खाली. तिची मीटिंग चालू होती. तेवढ्यात अड्याळचे दोघे भेटायला आले. अजूनही लोक भेटायला येतात. त्यांनी विमलाच्या आजाराचं विचारायला सुरुवात केली आणि रीनाला मीटिंगमधला आवाज बंद करावा लागला. पाहुणे जाईपर्यंत ती स्क्रीनसमोर नुसती मान हलवत बसली.

रीना विम्याचे दावे तपासायचं काम करते. नागपूरची कंपनी आहे. आईच्या आजारपणात घरी आली, तेव्हापासून इथूनच काम करते. रात्री कांदा कापता कापता म्हणाली, "बाबा, मॅनेजरनं सांगतलं, नेट सुधरवा, नाहीतर पंधरा डिसेंबरपासून ऑफिसात या."

मी म्हटलं, "पाहू."

नेट नीट झालं नाही तर रीना जाईल आणि घरात मी एकटा राहीन. इथे लिहायला सोपं आहे. तिला सांगता आलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बंटीला बोलावलं. आपल्या गल्लीत केबल आणि नेट तोच बघतो. त्याला घराचा नकाशा काढून दाखवला. पुढची खोली सिमेंटची, राऊटर तिथे. मधली खोली जुनी, मातीच्या जाड भिंतींची. मग स्वयंपाकघर, मग आंगण, आंगणाच्या पलीकडे रीनाची खोली आणि तिथूनच गच्चीवर जायचा जिना. घर लांबट आहे. पवनीतली बरीच घरं अशीच आहेत, पैसा येईल तसं मागे वाढवत नेलेली.

बंटी नकाशा उलटा धरून म्हणाला, "काका, तुम्ही तं पूर्ण कालवाच काढला. रिपीटर लावून देतो. टेन्शन नाही."

स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या प्लगमध्ये रिपीटर लावून गेला. संध्याकाळी रीनाच्या खोलीत टॉवर फुल दाखवत होता. चालत काहीच नव्हतं. रीना म्हणाली, "राहू द्या बाबा. मिक्सरले जागा लागते."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रिपीटर काढून परत दिला.

रीनाला ऑफिसातल्या कुलदीपचे फोन येतात. कामाचेच असावेत. तेवढ्यासाठी तिला मोबाईल घेऊन गच्चीवर जावं लागतं, कारण खाली आवाज तुटतो. वर थंडी असते. आज बराच वेळ वरच होती, शालसुद्धा नेली नव्हती. नवीन जे काही लावीन ते गच्चीपर्यंत पोहोचायला हवं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारभर मोबाईलवर हिंदी व्हिडिओ पाहिले. मेश नावाची पद्धत आहे. रिपीटर म्हणजे पाटाचं पाणी मध्ये अडवायचं आणि मोटार लावून पुढे उचलायचं, त्यात निम्मं वाया जातं. मेशमध्ये दोन किंवा तीन डबे घरात ठेवतात आणि ते एकाच नावानं चालतात. आपण चालत गेलो की मोबाईल आपोआप जवळच्या डब्याला लागतो. डब्यांमध्ये वायर टाकली तर सगळ्यात उत्तम, पण आंगणातून वायर नेली की उंदीर कुरतडतात.

बंटीला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "बरोबर हाय काका, मेसच पाहिजे तुमाले. डबे एकमेकाशी बोलून राहते त्याच्यात." इकडे बरेच जण मेशला मेसच म्हणतात.

डबे एकमेकांशी बोलतात हे ऐकून बरं वाटलं. आम्ही दोघं तेवढं बोलत नाही. विमला होती तेव्हा बोलायचं काम तिच्याकडे होतं. रीनाचं मला आणि माझं रीनाला तीच सांगायची.

किती डब्यांची घ्यावी ते ठरत नाही. दोन डब्यांची घेतली आणि मधली भिंत आडवी आली तर? कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, जो शेतकरी असतो त्याच्या नशिबी पाणी शेवटी येतं किंवा येतच नाही. रीनाची खोली टेलला आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वासुदेवरावांचा फोन आला. आम्ही एकाच उपविभागात बरीच वर्षं होतो. ते आणि त्यांच्या घरच्या आनंदाबाई दर दोन-चार दिवसांनी विचारपूस करतात. त्यांना यातलं काही कळत असेल असं वाटलं नव्हतं, पण सहज विषय काढला.

"घरी मेश लावाची म्हणतो," मी म्हटलं.

त्यांनी तिकडे टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "लावून टाका मंगरूभाऊ. मी तुमाले म्हणणारच होतो. पण म्हटलं, इतक्यात कसं बोलावं."

"रीनासाठीच करून राहिलो."

"बरोबर हाय. पोरीचा जीव मोकळा होईल. किती दिवस ती अडकून राहील?"

"दोन डब्यांची घ्यावी का तीन?"

"तीन कायले? माणूस एक. दोन डबे भरपूर झाले. मी मोहाडीले होतो तवा दोनच घेत होतो."

"पण मागच्या खोलीपर्यंत पोहोचलं पाहिजे."

"घरपोच देते ना गा! मागं देईल, पुढं देईल, तुम्ही म्हणाल तिथं. बस स्टँडजवळच्या जीवनले विचारा. मी सांगून ठेवतो त्याले. महिना बांधून घ्या, म्हणजे कटकट नाही."

मोहाडीचं जे म्हणाले ते नीट कळलं नाही. आवाज तुटत होता. बस स्टँडजवळ नेटवाला आहे हेही माहीत नव्हतं, नवीन असेल. मी बंटीकडूनच घेईन. पण वासुदेवरावांनी आपुलकीनं सांगितलं. फोन ठेवताना त्यांचा आवाज जड झाला होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बसनं भंडाऱ्याला गेलो. वाटेत धान कापून झालेली शेतं, कुठे कुठे चुरणी, म्हणजे मळणी, चालू. दुकानदारानं मेशचे तीन-चार प्रकार काढून दाखवले. पांढरे, गुळगुळीत, पावडरच्या डब्यासारखे. त्यालाही नकाशा दाखवला. तो म्हणाला, "सर, मधला डबा इथे पाहिजे," आणि मधल्या खोलीवर बोट ठेवलं. "दार उघडं ठेवायचं. आणि इथे लोखंडी काही नको. कपाट वगैरे असेल तर सरकवा. लोखंड रेंज खातं."

मी तिथल्या स्टुलावर थोडा वेळ बसलो. मग घरी विचारून सांगतो म्हटलं आणि निघालो.

मधल्या खोलीत विमलाचा पलंग आहे. लोखंडी कपाटही त्याच भिंतीला आहे. ती गेल्यापासून दार लोटलेलं आहे. ती खोली ओलांडून स्वयंपाकघरात जायचा जुना रस्ता होता. आता आम्ही दोघंही बाजूच्या बोळीतून जातो. कोणी तसं ठरवलं नाही.

घरी विचारायला आता विमला नाही, हे बसमध्ये लक्षात आलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

रीना बाजारात गेली होती. तिथे तिला आनंदाबाई भेटल्या. परत आली ती पिशवी ठेवून सरळ आपल्या खोलीत गेली. संध्याकाळी तिनं पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी केली, भाकरी केली, वर चटणी वाटली. इतकं रोज करत नाही. मला वाढून समोर बसली. स्वतः जेवली नाही.

"बाबा, माझ्या हातचं जमत नाही का तुमाले?"

"जमते."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

ती एवढं म्हणते आहे तर खरं सांगावं असं वाटलं. म्हटलं, "मीठ कधी कधी कमी असते."

ती मान हलवून उठली. भांडी घासताना तिकडूनच म्हणाली, "मी नसली तं तुमचं चालेल?"

"चालेल ना. न चालाले काय झालं?"

तिला माझी काळजी वाटू नये म्हणून तसं म्हटलं. तिनं नळ मोठा केला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रीनानं मॅनेजरला हो म्हटलं. सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. "पंधरापासून नागपूर."

"नेटमुळे?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो बाबा. नेटमुळे. आणि तुमची सोय तं तुम्ही करूनच घेतली."

कोणती सोय ते कळलं नाही. पेन्शनचं म्हणत असावी.

चहा तसाच राहिला. मी बाहेर जाऊन बंटीला फोन केला आणि तीन डब्यांची मेश मागवायला सांगितली, त्यातला एक डबा मधल्या खोलीत. त्यानं विचारलं, "काका, मधल्या खोलीचं पक्कं ना?" पक्कं म्हटलं. इतके दिवस मी ठरवत बसलो आणि तिकडे तिनं ठरवून टाकलं. तरी पंधरा तारखेला अजून वेळ आहे. तिच्या खोलीत नेट चाललं तर तिला परत नाही म्हणता येईल.

तिला आत्ताच काही सांगायचं नाही. लागलं नाही तर उगीच शोभा होईल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मधली खोली उघडली.

खोकल्याच्या औषधाचा वास अजून होता. आधी खिडकी उघडली, मग पलंगाखालचं बेडपॅन काढलं, गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली. चादरी धुवायला टाकल्या. शेकायची रबरी पिशवी खिळ्याला टांगलेली होती. तिच्यात पाणी होतं, सप्टेंबरचं. ते आंगणात ओतलं.

कपाट एकट्यानं हलेना. आवाज ऐकून रीना दारात आली. काही न विचारता दुसऱ्या बाजूनं लागली. आम्ही ते ढकलत पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. जुन्या जागेवर भिंतीचा निळा रंग तसाच ताजा होता, बाकी भिंत पांढुरकी झाली आहे. कपाटाच्या मागे तिचा मोठा कंगवा सापडला. दवाखान्यात नेलं त्या दिवशी विमला तो शोधत होती. केस विंचरल्याशिवाय निघणार नाही म्हणून अडून बसली होती आणि मी ओरडलो होतो की गाडी उभी आहे.

रीनानं कंगवा उचलून पुसला. "हे सगळं काहून काढून राहिले बाबा? भाडेकरू ठेवता का?"

"नाही. बंटी येणार आहे. काम आहे त्याचं."

ती कंगवा घेऊन गेली.

जेवण झाल्यावर लवकर झोपलो. पाठ दुखते.

३ डिसेंबर, बुधवार

आजचं सविस्तर लिहिणं भाग आहे.

बंटी सकाळी अकराच्या सुमाराला तीन डबे घेऊन आला. एक पुढे, राऊटरजवळ. तिसरा रीनाच्या खोलीबाहेर जिन्याच्या कोनाड्यात. मधला लावायला तो स्टुलावर चढला होता आणि मी स्टूल धरून उभा होतो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "काका, डबा आणला!"

बंटी वरूनच ओरडला, "कोणता डबा? तिन्ही माझ्यापाशी हाय!"

दारात एक धिप्पाड माणूस उभा होता. हातात स्टीलचा टिफिन. म्हणाला, "नमस्कार काका. मी जीवन, बस स्टँडवाला. वासुदेवभाऊनं सांगतलं, तुमाले मेस लावाची हाय. म्हटलं आधी चव पाहा, मंग महिना बांधा."

"मेस तं मी लावून राहिलो," बंटी म्हणाला.

"तू? तू कधीपासून मेस चालवते बे?"

"सकाळपासून. दोन डबे लागले, हा तिसरा."

"तिसरा? काका एकटे तीन डबे खाईन काय? वासुदेवभाऊ तं दोनच म्हणत होते, सकाळ-संध्याकाळ."

"खाईन काय म्हणजे? याच्यातून नेट येते भाऊ, वरण-भात नाही येत!"

रीना कानाला हेडफोन लावलेली मधल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. तिनं बंटीच्या हातातल्या पांढऱ्या डब्याकडे पाहिलं, मग जीवनच्या टिफिनकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. उंबरठ्यावर बसून हसली. विमला गेल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. बंटीही हसला, आणि जीवन, ज्याला अजून काही कळलेलं नव्हतं, तोही. वासुदेवराव मोहाडीला कसले दोन डबे घेत होते ते मला तेव्हा कळलं.

हसता हसता रीना थांबली.

"म्हणजे तुम्ही जेवणाची मेस लावलीच नव्हती?"

"नाही."

"आनंदाकाकू म्हणाल्या, तुझ्या बाबानं मेस लावली, त्यांनी मनाची तयारी केली, आता तूही आपलं पाहा. मले वाटलं..." तिनं पांढऱ्या डब्याकडे बोट केलं. "मंग हे कायले?"

"तुझ्या खोलीत नेट यावं म्हणून."

"मी नागपूरले हो म्हटल्यावर मागवलं का आधी?"

"नंतर."

तिनं हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

टिफिन आम्ही चौघांनी मिळून खाल्ला. वांग्याची भाजी, वरण, भात. बंटी म्हणाला मीठ बरोबर आहे. रीनानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा थोडं हसली, पण डोळे लाल होते.

मेश लागली. तिच्या खोलीत पुढच्या खोलीइतकंच चालतं.

४ डिसेंबर, गुरुवार

रीना दिवसभर आपल्या खोलीत बसून काम करत होती. एकदाही कटलं नाही. संध्याकाळी म्हणाली, "मॅनेजरशी बोलली. म्हटलं, इथूनच करते. तो हो म्हणाला."

मी म्हटलं, "बरं झालं."

खूप दिवसांनी दोन वेळा पोटभर जेवलो.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी विहारात गेलो होतो, दोघंही. मेणबत्त्या लावल्या. बायका रीनाला म्हणत होत्या, बाबाजवळ राहिली, चांगलं केलं. ती हो हो करत होती.

घरी आल्यावर ती गच्चीवर गेली. मला नवल वाटलं. आता खालीही तेवढंच नेट आहे, मग थंडीत वर का? तिला ते सांगावं म्हणून मी जिना चढलो. गच्चीपर्यंत रेंज पोहोचते का तेही बघायचं होतं. वरच्या पायरीवर पोहोचलो आणि तिचा आवाज आला. ती फोनवर हळू बोलत होती, पण ऐकू येत होतं.

"नाही रे कुलदीप, आता नाही जमत. ...अरे येते ना नेट, घरभर येते, तेच तं सांगून राहिली. आता कोणतं कारण देऊ? आईची खोली खाली केली त्यांनी माझ्यासाठी. कपाट एकटे ढकलत होते. ...माहीत आहे. तुझे घरचे किती थांबतील तेही माहीत आहे. पण आईले जाऊन किती दिवस झाले? त्यांना कसं सांगू? ...नको, तू नको येऊ. मीच पाहते."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. रडत असावी. मी खाली उतरलो. उतरताना पायांचा आवाज होऊ दिला नाही.

रेंज गच्चीपर्यंत पोहोचते. ती गच्चीवर नेटसाठी जात नव्हती.

७ डिसेंबर, रविवार

झोप नीट लागली नाही. दिवसभर काही केलं नाही.

कुलदीप कुठला, कोणाचा, माहीत नाही. विमलाला माहीत होतं का? असेल. दवाखान्यात त्या दोघी बराच वेळ हळू बोलत असत आणि मी आलो की थांबत. मला वाटायचं, औषधांचं बोलतात. बरी झाली असती तर तिनं मला योग्य वेळ पाहून सांगितलं असतं. तिला वेळ मिळाला नाही.

वरून पाणी सोडलं एवढ्यावर खूश व्हायचं नाही, टेलच्या शेतकऱ्याला जाऊन विचारायचं, हे मी नोकरीत लोकांना सांगत होतो. इथे टेलला पाणी हवं आहे का, हे मी विचारलंच नाही. नकाशा काढत बसलो.

ती राहावी असं मला वाटतं. आजही वाटतं. हे खोडत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी बस स्टँडवर जीवनकडे गेलो. तो पोळ्या लाटणाऱ्या बाईवर ओरडत होता. मला पाहून म्हणाला, "या काका. आज कोणती मेस?"

"खाण्याची. पंधरा तारखेपासून. दोन डबे."

त्यानं हसायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "पोरगी चालली का?"

"हो."

"तिखट कमी देऊ का जास्त?"

"सगळ्यांना देता तसं द्या."

घरी आलो तेव्हा रीना काम करत होती. मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. तिनं हेडफोन काढला.

"मेस लावली," मी म्हटलं. "जीवनची. पंधरापासून."

"कायले? मी थांबली ना बाबा. मॅनेजरले सांगून झालं."

"त्याला पुन्हा सांग."

ती उठून उभी राहिली. "मी नको का तुमाले इथं?"

एवढं सरळ मला घरात कोणी विचारलेलं नाही. विमला असती तर मध्ये पडली असती आणि म्हणाली असती, अगं तसं नाही गं त्यांचं. मध्ये कोणी नव्हतं.

"पाहिजे," मी म्हटलं. "पण तू जा."

मी दाराची चौकट धरली. मग म्हटलं, "आणि कुलदीपले सुटीत घेऊन ये. पाहू दे मले."

"तुमाले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही. गच्चीवरचं खाली ऐकू येते."

तिनं तोंडावर हात ठेवला. मग लहानपणी यायची तशी येऊन माझ्या खांद्याला डोकं लावलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. तिच्या लॅपटॉपमधून कोणीतरी विचारत होतं, मॅडम, आवाज येतो का, मॅडम?

१४ डिसेंबर, रविवार

रीना दुपारच्या बसनं गेली. वासुदेवराव आणि आनंदाबाई स्टँडवर आले होते. आनंदाबाई सारख्या म्हणत होत्या, "माय, ह्यांच्या कानानं घात केला." वासुदेवराव म्हणाले, "कानाचं काय घेऊन बसली, तुझ्या तोंडाचं म्हण." बस सुटेपर्यंत ते दोघं भांडत होते. बरं झालं. मला आणि रीनाला काही बोलावं लागलं नाही.

आनंदाबाई घरी जेवायला चला म्हणत होत्या. गेलो नाही. सकाळची पोळी होती.

१७ डिसेंबर, बुधवार

जीवनचा डबा येतो. भाजीत तेल जास्त असतं. संध्याकाळचा डबा तसाच ठेवला. भूक नव्हती.

२१ डिसेंबर, रविवार

रीना रोज रात्री आठ वाजता फोन करते. चित्र दिसतं तसला. जेवलात का, हो. काय होतं, वांगं. थंडी कशी आहे, आहे. पूर्वी ती नागपूरला होती तेव्हा तेवढं झालं की मी आवाज तुटतो म्हणून ठेवून देत असे. खरंच तुटायचा, कधी कधी नाही तुटायचा. आता तसं म्हणता येत नाही, तिला माहीत आहे इथे काय लावलं आहे ते.

आज वांग्यापर्यंतचं बोलून झालं. ती ठेवेना, मीही ठेवला नाही. फोन हातात घेऊन पुढच्या खोलीतून उठलो, मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात गेलो, आंगणात गेलो, तिच्या खोलीचं दार उघडलं, परत आलो. कुठेच काही तुटलं नाही.

ती म्हणाली, "बाबा, फिरून काय राहिले? आईची आठवण येते का?"

मी मधल्या खोलीत होतो. पलंगावर बसलो.

"येते."

"काय आठवते?"

औषधं, दवाखाना, तेच समोर येत होतं. ते सोडून शोधावं लागलं. मग म्हटलं, "गच्चीवर वाळवण घातलं की वानरं येत. तुझी आई काठी घेऊन बसे आणि त्यांना नावं घेऊन शिव्या देई. प्रत्येकाचं नाव ठेवलं होतं तिनं."

"मले नाही माहीत! कोणती नावं?"

"त्यातला एक म्हातारा, मोठा, पोट सुटलेला होता. सगळं खाऊन झाल्यावर सगळ्यात शेवटी उठायचा." हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. "त्याचं नाव वासुदेवराव."

ती इतक्या जोरात हसली की तिच्या मागून एका तरुणाचा आवाज आला, "क्या हुआ?" ती त्याला सांगायला लागली, वानराचं, काठीचं, आईचं. तो हसला. मग तिनं फोन त्याच्याकडे वळवला. कुलदीप. चष्मा, उंच कपाळ, घाबरलेला. हात जोडून नमस्कार म्हणाला.

मीही नमस्कार म्हटला. मग पुढे काय बोलावं ते कळेना, म्हणून त्याला दुसऱ्या वानराचं सांगायला लागलो.